शांत बाळ आणि मेलबर्नचे डॉक्टर

मेडिकलच्या दुकानात आपण कशा बोलतो, ते जरा आठवा. काउंटरवर चार माणसं असली की आपण बाजूला उभ्या राहतो. ती गेली की पुढं वाकून, हळूच, जवळजवळ खुणेनंच काय हवं ते सांगतो. दुकानदारही वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीतून देतो. आता समजा, त्या दुकानदाराला ऐकायलाच कमी येत असतं तर? भर दुकानात ओरडून सांगावं लागलं असतं.

ऑस्ट्रेलियात सिडनी शहराच्या पलीकडं कॅम्डेन नावाचं गाव आहे. तिथं क्लार्क नावाच्या गृहस्थांचं औषधांचं दुकान होतं आणि त्यांना खरोखरच कमी ऐकू यायचं. गिऱ्हाइकं लाजायची, त्यांना मोठ्यानं बोलावं लागायचं, आणि बाकीचं दुकान ऐकायचं. १९३५ साली जन्मलेला त्यांचा मुलगा ग्रेम हे सगळं लहानपणापासून बघत होता. घरी पाहुणे आले की वडील गप्पांमधून कसे बाजूला पडतात, तेही बघत होता. शाळेत जायला लागला तेव्हाच तो म्हणायचा, ‘मी मोठा होऊन कान दुरुस्त करणार.’

लहानपणी कुणी काहीही म्हणतं. आपली पोरं सकाळी कंडक्टर होणार असतात आणि संध्याकाळी पोलीस. या मुलानं मात्र ते खरं केलं. आज आम्ही त्यांच्याच कामाबद्दल बोलणार आहोत. हा विषय का निवडला तेही सांगू, कारण त्यात आमची एक चूक आहे.

आधी कान समजून घेऊ. बाहेर दिसतो तो कान म्हणजे नुसतं नरसाळं. आवाज आत जातो, पडद्यावर आपटतो. पडद्यामागं तीन चिमुकली हाडं आहेत: हातोडा, ऐरण आणि रिकीब. ती हलतात आणि आवाजाचा धक्का आणखी आत पोचवतात. इथपर्यंत काही बिघडलं, म्हणजे कान वाहत असेल, पडद्याला भोक पडलं असेल, तर औषधानं किंवा ऑपरेशननं बरेचदा सुधारणा होते. म्हणून वाहत्या कानात गरम तेल सोडू नका, डॉक्टरकडं जा. एवढं सांगून पुढं जातो, कारण आजची गोष्ट त्याच्याही आतली आहे.

आत शंखासारखी अडीच वेढ्यांची एक नळी आहे. डॉक्टर तिला कॉक्लिया म्हणतात. उलगडून सरळ केली तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरेल. तिच्यात पाणी असतं आणि साधारण पंधरा हजार पेशी रांगेनं बसलेल्या असतात. त्यांच्या टोकाला केसांसारखे तंतू असतात. आवाजाच्या धक्क्यानं पाणी हललं की ते तंतू हलतात आणि तिथून विजेचा बारीक संदेश नसेवाटे मेंदूकडं जातो. आता यातली खरी गंमत बघा. ही नळी भजनातल्या पेटीसारखी आहे. तोंडाजवळच्या पेशी बारीक, टिपेचे आवाज टिपतात. आत वेढ्याच्या टोकाकडच्या पेशी खर्जातले आवाज टिपतात. कुठल्या पट्टीवर बोट पडलं, यावरून मेंदू सूर ओळखतो. कोणता आवाज नळीत कुठं सर्वांत जोरानं हलतो, हे गेऑर्ग फॉन बेकेशी या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं आणि त्यासाठी त्याला १९६१ साली नोबेल मिळालं.

या पेशी मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. काही बाळं जन्मतःच त्या बिघडलेल्या घेऊन येतात. काहींच्या त्या मेंदूज्वरानं, एखाद्या औषधानं किंवा वयामुळं जातात. थोड्या उरल्या असतील तर कानाचं मशीन कामाला येतं, कारण ते आवाज मोठा करतं. पण जवळजवळ सगळ्याच गेल्या असतील, तर मोठा केलेला आवाज घेणार कोण? पेटीतले सूरच निखळले, तर भाता कितीही जोरात हलवून काय उपयोग?

मग या पेशींना वगळून थेट नसेलाच वीज दिली तर? ही कल्पना जुनी आहे. बॅटरी शोधणाऱ्या व्होल्टानं दोनशे वर्षांपूर्वी स्वतःच्याच दोन्ही कानांत धातूच्या कांड्या घालून वीज सोडली होती. डोक्याला हादरा बसला आणि चुलीवर काहीतरी घट्ट रटरटावं तसा आवाज आला. त्यानं पुन्हा तो उद्योग केला नाही, ते बरंच झालं. पुढं १९५७ साली पॅरिसमध्ये आणि १९६१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये डॉक्टरांनी बहिऱ्या माणसांच्या कानात तार बसवून आवाज पोचवला. पण एकाच तारेनं आवाजाचा ठेका कळतो, बोलणं कळत नाही. तुम्हीच करून बघा. तोंडावर पदर धरून ‘काका’, ‘काकी’, ‘काकू’ म्हणा. तिन्हीत ठेका एकच, दोन ठोक्यांचा. फरक आहे तो फक्त शेवटच्या स्वरात, आणि प्रत्येक स्वर त्या पेटीच्या वेगळ्या पट्ट्या वाजवतो. एका तारेला एवढंच सांगता येतं की कुणीतरी हाक मारतंय.

ग्रेम क्लार्क तोवर कानाचे सर्जन झाले होते, मेलबर्नमध्ये त्यांची प्रॅक्टिस चालू होती. अमेरिकेतल्या ब्लेअर सिमन्स यांनी कानाच्या नसेला वीज देण्याच्या प्रयोगावर लिहिलेला लेख त्यांच्या वाचनात आला आणि त्यांनी चालती प्रॅक्टिस सोडून दिली. बायको, मुलं, संसार असताना हा माणूस पुन्हा विद्यार्थी झाला. सिडनी विद्यापीठात संशोधन करून १९६९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून त्यांना एक गोष्ट पक्की कळली: एकाच जागी वीज भराभर सोडून बारीक सूर निर्माण करता येत नाहीत, नस तेवढ्या वेगानं साथ देत नाही. म्हणजे नळीत वेगवेगळ्या जागी वेगवेगळ्या तारा पोचवायलाच हव्यात.

१९७० मध्ये ते मेलबर्न विद्यापीठात कान-नाक-घसा विभागाचे पहिले प्राध्यापक झाले. तेव्हा बरेच जाणकार म्हणत होते की हे होणं नाही. निरोगी कानाच्या नसेत तीस हजारांच्या आसपास तंतू असतात. त्यांचं काम दहा तारा काय करणार? म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पैसाही मिळेना. क्लार्क सेवाभावी क्लबांमध्ये जाऊन भाषणं करायचे, देणगी मागायचे. शेवटी एका टीव्ही वाहिनीनं लोकांकडून मदत गोळा करून दिली. आमच्यासारख्या केंद्र चालवणाऱ्या बायकांना हे वाचून बरं वाटलं. पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरण्याची वेळ प्राध्यापकांवरही येते तर.

पैसा आला तरी एक अडचण उरलीच. शंखाच्या वेढ्यात तारांची जुडी सरकवायची कशी? थोडी आत गेली की अडायची. जोर लावला तर आतला नाजूक भाग फाटणार. १९७७ साली क्लार्क घरच्यांबरोबर सुट्टीसाठी मिनामुरा नावाच्या किनाऱ्यावर गेले होते. वाळूत त्यांना कानातल्या नळीसारखाच एक शंख मिळाला. त्यांनी जवळचं गवत उपटलं आणि एकेक पातं शंखात सारून बघायला लागले. जे पातं बुडाशी ताठ आणि शेंड्याकडं लवचीक होतं, ते वेढ्यांमधून अलगद आत गेलं. बस्स! तारांची जुडी तशीच बनवायची ठरलं. सुईत दोरा ओवताना किंवा नाडी घालताना आपल्याला जे कळतं, तेच त्यांना त्या किनाऱ्यावर कळलं.

१ ऑगस्ट १९७८ रोजी मेलबर्नच्या डोळे आणि कानांच्या रुग्णालयात क्लार्क आणि त्यांचे सहकारी ब्रायन पायमन यांनी रॉड सॉन्डर्स या गृहस्थांच्या कानात दहा तारांचं यंत्र बसवलं. मोटार अपघातानंतर रॉड यांना काहीच ऐकू येत नव्हतं. जखम भरल्यावर यंत्र चालू केलं, तर काहीच ऐकू येईना. सगळ्यांचं धाबं दणाणलं असणार. पण दोष चाचणीच्या उपकरणात निघाला. नंतर आवाज आला. राष्ट्रगीताची चाल वाजवली तेव्हा रॉड ताडकन उठून उभे राहिले. म्हणजे त्यांनी ओळखलं होतं!

तरीही बोलणं कळणं ही पुढची पायरी होती. एकेका तारेतून वीज दिली की रॉड सांगायचे, हा अमुक स्वरासारखा वाटला, तो तमुक. यातूनच बोलण्यातला कुठला भाग कुठल्या तारेला द्यायचा, हे गणित सुटत गेलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ओठांकडं न बघता, नुसतं ऐकून, रॉड यांनी शब्द बरोबर सांगितले. क्लार्क शेजारच्या खोलीत गेले आणि आनंदानं रडले. हे त्यांनी स्वतःच पुढं सांगितलंय.

हे सगळं एकट्या क्लार्क यांनी केलं असं मात्र समजू नका. त्याच सुमाराला, १९७७ च्या डिसेंबरात, व्हिएन्नामध्ये इंगेबोर्ग होखमायर या तरुण इंजिनिअर बाईंनी बनवलेलं अनेक तारांचं यंत्रही एका रुग्णाला बसवलं गेलं होतं. अमेरिकेतल्या ब्लेक विल्सन यांनी नंतर बोलणं अधिक स्पष्ट करणारी पद्धत शोधली. २०१३ साली वैद्यकातला मोठा लास्कर पुरस्कार या तिघांना मिळून दिला गेला. होखमायरबाईंवर एक वेगळं भाषण करायचं आमच्या मनात आहे.

आज हे यंत्र कॉक्लिअर इम्प्लांट म्हणून ओळखलं जातं. कानामागं लावायचा एक भाग असतो, त्यात माइक आणि छोटा कॉम्प्युटर. तिथून एक वायर डोक्याला चुंबकानं चिकटणाऱ्या गोल चकतीकडं जाते. कातडीखाली दुसरा भाग बसवलेला असतो आणि त्याच्या तारा कॉक्लियात गेलेल्या असतात. क्लार्क यांच्या कामातून निघालेल्या यंत्रात पुढं २२ तारा आल्या. आपल्याकडंही ही ऑपरेशनं बरीच वर्षं होताहेत. मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांनी या कामात मोठी वाट पाडली, २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता आमच्या चुकीकडं येतो.

रॉड यांना पन्नासाव्या वर्षाच्या अलीकडं-पलीकडं यंत्र मिळालं, तरी बोलणं कळलं. का? कारण अपघातापर्यंत ते ऐकत होते. शब्द मेंदूच्या कोठीत भरलेले होते. यंत्रातून येणारा वेडावाकडा आवाज त्या जुन्या शब्दांशी जुळवून घेता आला. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या बाळाची कोठी रिकामी असते. ती भरायची तर पहिल्या काही वर्षांतच, कारण तेव्हाच मेंदू आवाजासाठी जागा बांधत असतो. आवाज आलाच नाही, तर ती जागा बघण्या-स्पर्शाच्या कामाला लागते. अनु शर्मा या अमेरिकेतल्या संशोधक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की साधारण साडेतीन वर्षांच्या आत यंत्र मिळालेल्या मुलांचा मेंदू आवाजाला वयाला साजेसा प्रतिसाद द्यायला लागतो, आणि सात वर्षांनंतर मिळालं तर सहसा देत नाही. क्लार्क यांनीही हे ओळखलं होतं. पुढं त्यांनी दहा आणि पाच वर्षांच्या दोन मुलांवर ऑपरेशन केलं आणि तिथून वय खाली आणत नेलं. आता तर वर्षाच्या आसपासच्या बाळांवरही होतं.

आमच्या गटातली एक मैत्रीण रेकॉर्डिंगला येताना बाळाला घेऊन यायची. कोपऱ्यात गोधडीवर मुलगी झोपलेली असायची. दार आपटलं तरी हलायची नाही. गणपतीत ढोल-ताशा आमच्या खिडकीखालून गेला, रेकॉर्डिंग बंद करावं लागलं, काचा थरथरल्या, आणि ही झोपलेलीच. आम्ही सगळ्या जणी कौतुकानं म्हणालो, ‘किती गुणी पोर गं! आमच्या पोरांनी घर डोक्यावर घेतलं असतं.’ रेडिओचं काम करणाऱ्या बायका आम्ही. दिवसभर आवाजाचं खातो. आणि आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

पुढं ती दोन वर्षांची झाली तरी बोलेना. घरचे म्हणायचे, बापही उशिरा बोलला होता. आईनं आमच्या ‘विचारा ताईंना’ कार्यक्रमात, नाव न सांगता, चिठ्ठी टाकली. आम्ही हवेवरून उत्तर दिलं, ‘घाई करू नका, काही मुलं उशिरा बोलतात.’ ही आमची चूक. सव्वातीन वर्षांची असताना जिल्ह्याच्या दवाखान्यात तपासणी झाली. दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. बारशाला आत्यानं पाळण्यात वाकून ‘कुर्रर्र’ करून नाव सांगितलं होतं, तेही तिच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं. हे तिची आईच आम्हाला म्हणाली. आम्ही काय बोलणार?

म्हणून आता हवेवरून उलट सांगतो. थांबू नका. झोपेत असलेल्या तान्ह्या बाळाचीही तपासणी होते. कानात मऊ बोंडूक ठेवतात, त्यातून बारीक आवाज सोडतात. निरोगी कान आवाज नुसता घेत नाही, त्याचा अगदी बारीक पडसाद स्वतःहून परत देतो, तो माइक टिपतो. कानाचा हा गुण लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी जगापुढं मांडला तोही १९७८ मध्येच, रॉड यांच्या ऑपरेशनच्या वर्षी. सुई नाही, रक्त नाही, काही मिनिटांचं काम. या तपासणीला ओएई म्हणतात. शंका आली, किंवा बाळ जन्मल्यावर काचेत ठेवलं होतं, कावीळ फार वाढली होती, तर बेरा नावाची दुसरी तपासणी करतात. तिच्यात आवाज नसेवाटे मेंदूच्या वाटेला लागतो की नाही ते कळतं. ऑडिओलॉजिस्ट सांगतात ते वेळापत्रक सोपं आहे: पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू.

घरच्या घरी थाळी वाजवून बघितली, बाळ दचकलं, असं सांगू नका. थाळीचा हादरा कळतो, हाताची सावली दिसते, टाळीचा वारा लागतो. ‘बाळ हुंकार देतं, म्हणजे ऐकू येतं’ हेही खरं नाही. बहिरी बाळंही सुरुवातीला हुंकार देतात, मग हळूहळू गप्प होतात. नात्यात लग्न झालेलं असेल, घरात आधी कुणाला ऐकू येत नसेल, तर तपासणी करूनच घ्या. आणि आधी कुणीच नसेल तरीही करा, कारण अशा बहुतेक मुलांचे आईबाप ऐकू येणारेच असतात. आशाताई आणि अंगणवाडीच्या ताईंना विचारा. लहान मुलांच्या आरोग्य तपासणीच्या सरकारी कार्यक्रमात जन्मतःचा बहिरेपणा धरलेला आहे. इम्प्लांट फार महाग असतं, पण केंद्राच्या एडिप योजनेतून जन्मतः ऐकू न येणाऱ्या लहान मुलांना ते मिळू शकतं. त्यासाठी वयाची अट साधारण पाच वर्षांच्या आतली आहे. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था हे काम बघते.

दोन गोष्टी कुणी आधी सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो. एक, ऑपरेशन झालं की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. यंत्राची जुळणी पुन्हा पुन्हा करावी लागते, बॅटऱ्या आणि वायरी लागतात, आणि वर्षानुवर्षं स्पीच थेरपी. त्याचा खर्च आणि बसचं भाडं किती, हे ऑपरेशनच्या आधीच विचारा. आवाजही तुमच्या-आमच्यासारखा ऐकू येत नाही; गाण्याची चाल तर अनेकांना नीट कळत नाही.

दुसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. अनेक बहिरी माणसं म्हणतात, आम्ही आजारी नाही, खुणांची भाषा ही आमची पूर्ण भाषा आहे, आमची दुरुस्ती करायला येऊ नका. आम्हाला हे म्हणणं पटतं आणि यंत्रही पटतं. दोन्हींत भांडण असायलाच हवं असं नाही. पण यंत्राची वाट बघत मुलाला दोन-तीन वर्षं कुठलीच भाषा न देता ठेवायचं, खुणा केल्या तर हातावर मारायचं, हे आम्हाला मुळीच पटत नाही. रिकामी कोठी खुणांनीही भरते.

आमच्या मैत्रिणीच्या मुलीचं ऑपरेशन चौथ्या वर्षानंतर झालं. साडेतीन वर्षांची ती वेळ आमच्या हातून गेली होती. आता आठवड्यातून दोनदा तिची आई तिला घेऊन थेरपीला जाते, जाता-येता चार तास मोडतात. घरी भाकरी थापताना आई बोलत राहते: पीठ घेतलं, पाणी घातलं, थाप-थाप-थाप. मुलगी ‘पाणी’ला ‘पा’ म्हणते, आणि पीठालाही ‘पा’च म्हणते. कुकरची शिट्टी झाली की बोट दाखवते आणि आईनं मान डोलावली की हसते. रागावली की डोक्यावरची चकती काढून टाकते आणि पाठ करून बसते, मग कुणी कितीही समजूत घाला. मागच्या शुक्रवारी रेकॉर्डिंगच्या वेळी ती पुन्हा आमच्या कोपऱ्यातल्या गोधडीवर होती. दार आपटलं तशी दचकून रडायला लागली आणि आम्हाला रेकॉर्डिंग थांबवावं लागलं.